हिलरीच्या गाडीचं तेल आणि सदा चुरीचं नाक

गोखिवऱ्यात सदानंद चुरीच्या गॅरेजला पाटी नाही. कुणी म्हटलंच की काका, एक पाटी लावा, तर तो म्हणतो, "नाक आहे ना." आणि खरंच, पत्ता विचारणाऱ्याला तिथले लोक तसंच सांगतात. "ते वास घेऊन सांगतात, त्यांचं का? मग रबराच्या कारखान्यापुढे उजवीकडे वळा."

पस्तीस वर्षं हा माणूस दुचाक्यांच्या बुडाशी बसून वास घेतोय. गाडी आली की स्टँडवर घ्यायची, गळालेलं तेल बोटावर टिपायचं, अंगठ्याने चोळायचं, डोळे मिटायचे, बोट नाकाशी न्यायचं आणि एक लांबलचक श्वास. गिऱ्हाईक इकडे परीक्षेच्या निकालाला आल्यासारखं उभं. मग डोळे उघडून सदानंद सांगणार, "क्लचच्या बाजूचं सील." नाहीतर, "रिंगा गेल्यात, जळकं तेल आहे." निकाल कधी चुकला नाही असं लोक छातीठोकपणे सांगतात. दोन-चारदा चुकलाय, पण ती गिऱ्हाइकं फ्लॅट विकून बोइसरकडे निघून गेली, त्यामुळे बोभाटा झाला नाही.

आचोळ्याचा सुजय नावाचा एक जण आहे, कॉम्प्युटरवाला. शनिवार-रविवार ह्याची स्कूटर ठणठणीत असली तरी हा गॅरेजात. बाकीचे दिवस घरून काम, म्हणजे अधूनमधून तेव्हाही गॅरेजात. त्यानं एकदा सदानंदचा वास घेतानाचा व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'मशीनपेक्षा माणूस भारी.' तेव्हापासून तर विचारूच नका. मोठ्या कंपनीच्या वातानुकूलित सर्व्हिस सेंटरातून गाड्या बाहेर पडायच्या आणि मालक म्हणायचे, एकदा चुरीकाकांकडून वास घेऊन येऊ.

आता ह्यातली मेख अशी, की ते नाक मेलेलं आहे.

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात सदानंदला कोविड झाला. पंधरा दिवस आगाशीच्या घरात मागच्या खोलीत पडून होता. ताप गेला, ताकद आली, भूक आली, खोकला तर न बोलावता दोनदा येऊन गेला. वास तेवढा आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल महिनाभरात. महिन्याचे सहा महिने झाले. मग सदानंदने डॉक्टरांना विचारणंच सोडून दिलं. न जाणो, ते म्हणाले की आता येणारच नाही, तर काय करायचं? विचारलं नाही तोवर निदान 'येईल' असं तरी म्हणता येतं.

आणि हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. गिऱ्हाइकांना तर नाहीच, बायकोला, मीरालाही नाही. मीराला सांगितलं तर ती विरारच्या बहिणीला सांगणार, आणि त्या बाईच्या कानावर गेलेली गोष्ट वैतरणा ओलांडायला वेळ लावत नाही. असं तो स्वतःशी म्हणायचा. खरं कारण वेगळं होतं. त्याला लाज वाटत होती. गवयाचा गळा गेला तर लोक हळहळतात. मेकॅनिकचं नाक गेलं तर हसतील, ह्याची त्याला खात्री होती.

धंदा मात्र चालला, आणि झकास चालला. कारण गोखिवरे-आचोळ्यातल्या स्कूटरी कुठून गळतात हे त्याला तोंडपाठ. खड्डे तेच, गाड्या त्याच, गळतीच्या जागा त्याच. तो बोट नाकाशी नेऊन डोळे मिटायचा, मनातल्या मनात पाच आकडे मोजायचा आणि डोळ्यांनी आधीच बघून ठेवलेलं सांगायचा. लोक खूश. सदानंदला मात्र दर वेळी चोरी केल्यासारखं वाटायचं.

चार वर्षं असं निभावलं. आणि मग हिलरी तुस्कानो आपली गाडी घेऊन आला.

हिलरी नंदाखालचा. सदानंदच्या वाडीला लागून त्याची वाडी, मध्ये फक्त करवंदीची कुंपणवजा रांग. दोघं एका शाळेत, एका बाकावर, एकाच दिवशी नापास झालेले. पुढे हिलरी बोटीवर गेला, तीस वर्षं समुद्रावर काढली, आणि परत येऊन, वाटलं होतं की आता निवांत केळी-जास्वंदी बघेल, तर त्यानं जुनी जर्मन मोटारसायकल घेतली. केवढी! गल्लीत वळवायची तर आधी गल्लीतल्यांना सांगावं लागतं. ह्या गाडीला साखळी नाही. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत नळीच्या आत एक दांडा फिरतो, आणि चाकाच्या पोटाशी एक धातूची पेटी असते. पेटीत गिअर, आणि गिअर भिजत राहावेत म्हणून थोडंसं जाड तेल.

"सदा, ही रडायला लागलीय बघ," हिलरी म्हणाला.

मागच्या चाकाच्या आतल्या कडेवर तेल होतं. थेंब थेंब नाही, ओघळ होता.

"आणि पुढच्या शनिवारी आम्ही गोव्याला चाललोय," हिलरी म्हणाला. "लग्नाला तीस वर्षं झाली. पॉलिनला सांगितलंय, गाडीवरूनच जायचं. पहिल्यांदा तयार झालीय ती."

सदानंदनं मनातल्या मनात हिशेब केला. चाकाच्या कडेवरचं तेल टायरवर उतरायला किती वेळ लागतो? घाटात एका वळणाचा. आणि मागे पॉलिन, जी सायकलवरसुद्धा कधी डबलसीट बसली नव्हती.

तेवढ्यात सुजय म्हणाला, "थांबा हं काका, मोबाइल काढतो."

झालं! आता बसणं भाग होतं. सदानंद बसला, तेल टिपलं, चोळलं, डोळे मिटले, बोट नाकाशी नेलं आणि ओढता येईल तेवढा श्वास ओढला. काहीच नाही. पाण्याचा वास घ्यावा तसं.

स्कूटर असती तर निभावलं असतं. पण असली गाडी त्यानं आयुष्यात दोनदा उघडली होती. पाठांतर कामाचं नव्हतं. त्या जागी तीन तऱ्हांचं तेल येऊ शकतं. पेटीतलं गिअर ऑइल असेल, तर त्याला सडक्या अंड्यासारखा वास मारतो, आंधळाही ओळखेल. इंजिनाकडून नळीतून ओघळत आलेलं असेल तर जळका वास. आणि ब्रेकचं तेल असेल तर मामला गंभीर, मग गोवा राहू दे, गाडी नंदाखालपर्यंत न्यायची नाही. नाक असतं तर अर्ध्या श्वासाचं काम.

त्यानं डोळे उघडले. हिलरी बघत होता. सुजयचा मोबाइल बघत होता.

"गिअर ऑइल," सदानंद म्हणाला. "मागच्या पेटीचं सील गेलंय."

"ह्याला म्हणतात नाक!" सुजय म्हणाला.

मेल्यानं ग्रुपवर टाकलंसुद्धा.

संध्याकाळी सदानंद घरी गेला तो खिशात तेलाचा बोळा घेऊन. चहा बाजूला ठेवून थेट न्हाणीघरात शिरला, मगात पाणी घेतलं आणि बोळा वर पिळला. ब्रेकचं तेल असतं तर पाण्यात मिसळून गेलं असतं. हे तेल नव्या नवरीसारखं रुसून वर वेगळं बसलं. सदानंदच्या जिवात जीव आला. ब्रेक नव्हे!

"आंघोळीच्या मगात तेल?" मीरा दारातून म्हणाली. "गॅरेज आता घरात आणणार का?"

"काही नाही गं. बघत होतो."

"मग घासूनही बघा," असं म्हणून तिनं साबणाची वडी त्याच्या हातात दिली.

पुण्याहून सील आलं. शनिवारी सदानंदनं पेटी उघडली, जुनं सील काढलं, नवं बसवलं, अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबून बघितलं आणि तेल भरलं. चांगलं तोंडापर्यंत भरलं, वर 'घे बाई, पी' म्हणून आणखी दोन घोट. मग हात पुसून हिलरीला म्हणाला, "जा आता. बिनधास्त जा."

हा 'बिनधास्त' त्याला नंतर फार महागात पडला.

बुधवारी दुपारी हिलरी परत आला. ह्या वेळी बरोबर पॉलिन होती, रिक्षानं. तिनं आल्या आल्या बोटानं दाखवलं. चाकाच्या कडेवर तेल, आणि पहिल्यापेक्षा जास्त. टायरच्या बाजूलाही काळी रेघ उतरलेली.

"नवीन सील घालून?" सुजयच्या तोंडून निघून गेलं. सदानंदला ते तोंडात मारल्यासारखं लागलं.

"सदाभाऊ," पॉलिन म्हणाली. बाई सरळ होती, कुणाला लागेल असं बोलायची तिला सवय नव्हती. "मला गाडीतलं काही कळत नाही. हिलरी म्हणतो, सदानं वास घेतलाय, काळजी नको. म्हणून मी तुम्हालाच विचारते. शनिवारी मी मागे बसू, की गाडीनं नको म्हणू? तुम्ही बस म्हणालात तर मी बसते."

आता सांगा, काय करावं माणसानं? सवयीनं तो खाली बसला, सवयीनं बोट तेलाकडे गेलं. आणि ते बोट तिथंच थांबलं. समोर एक बाई त्याच्या नाकावर जीव ठेवायला तयार होती, आणि नाक चार वर्षांपूर्वीच गेलं होतं. त्याला स्वतःचा राग आला. इतका राग आला की वाटलं, हातातला पाना रस्त्यापलीकडे भिरकावून द्यावा.

तो उठला. "गाडी राहू दे. उद्या सांगतो."

पस्तीस वर्षांत सदा चुरी 'उद्या सांगतो' म्हणाला नव्हता.

"काका, वास नाही घेतला?" सुजय म्हणाला.

"सर्दी झालीय."

गुरुवारी सकाळी त्यानं शटर वर घेतलं आणि जे काम वीस वर्षांत केलं नव्हतं ते करायला बसला. नाकाचा बोलबाला झाल्यापासून कष्टाची पद्धत मागेच पडली होती. त्यानं मागचं चाक, पेटी, नळी, सगळं रॉकेलनं धुतलं. मग साबणानं धुतलं, हवा मारून कोरडं केलं, चिंधीनं पुसलं, मग कोऱ्या चिंधीनं पुसलं. त्यानंतर पिशवीतून मीराच्या टाल्कम पावडरचा डबा काढला, जो त्यानं सकाळी न विचारता उचलला होता, आणि अख्ख्या पेटीवर पावडर थापली. बाळाला आंघोळ घालून तीट लावायच्या आधी थापतात तशी. पांढऱ्यावर तेलाचा पहिला थेंब जिथून निघेल तिथंच गळती. ह्यात नाकाचं काही काम नाही. डोळे आणि सबुरी पुरे.

हिलरी आला आणि बघतच राहिला. "सदा, हिला लग्नाला नेतोस की काय? काय घमघमाट सुटलाय!"

"सुटलाय ना?" सदानंद म्हणाला. मनात म्हणाला, बरं झालं सांगितलंस. "चल, काढ गाडी. अर्नाळ्यापर्यंत जाऊ."

"तू कुठे येतोस?"

"पॉलिनच्या जागेवर आधी मी बसतो."

साठीचा माणूस, गुडघे कुरकुरणारे, तो त्या उंटावर चढला. विरारच्या पुलावरून, बाजारातून, आगाशीवरून गाडी सुसाट निघाली. आगाशीच्या नाक्यावर भाजीवाल्या बायकांनी त्याला ओळखलं आणि हात केला. त्याला हात करता आला नाही, कारण त्याचे दोन्ही हात हिलरीच्या कमरेला होते. सगळ्या वाटेवर तो एकच गोष्ट म्हणत होता, पडलो तर मी पडेन, ठीक आहे, मीच पडायला हवं.

अर्नाळ्याला सुरूच्या झाडांखाली गाडी उभी केली. सदानंद उतरला, गुडघे सरळ केले आणि वाकून बघितलं.

सील कोरडं होतं. त्याच्याभोवतीची पावडर जशीच्या तशी, पांढरी. पण पेटीच्या माथ्यावर एक बारीकसं भोक असतं, आतली गरम हवा बाहेर पडायला. तिथून तेलाची धार निघाली होती, पेटीच्या मागून खाली उतरली होती आणि चाकाच्या कडेवर पसरली होती. भाताच्या पातेल्यातून पेज उतू जावी तशी. खालून बघणाऱ्याला वाटणार, सीलच गळतंय.

"हिलरी," सदानंद म्हणाला, "ह्या पेटीत तू कधी तेल घालतोस?"

"घालतो की. दर महिन्याला."

"किती?"

"किती म्हणजे? तोंडापर्यंत. खाली सांडलं की बंद."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? बाबा तसंच घालायचे ना."

हिलरीचे बाबा म्हणजे मायकलकाका. त्यांच्या विहिरीवर डिझेलचं पाण्याचं इंजिन होतं. त्याचं पाणी एक दिवस तुस्कानोंच्या वाडीला, एक दिवस चुरींच्या. सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी मायकलकाका त्याला तेल पाजायचे. माप नव्हतं. इंजिनाखालची माती बघायची. माती काळी ओली असेल तर ठीक. सुकी दिसली तर इंजिन उपाशी आहे, ओत. ओतत राहायचं, उतू गेलं की पोट भरलं. ते इंजिन इतकं झिजलेलं होतं की त्याला तो हिशेब बरोबर होता, दिवसभरात तेवढं गळूनच जायचं. नंदाखाल-आगाशीच्या सगळ्या वाड्यांत हीच रीत. इंजिनाला कमी पडू द्यायचं नाही, ही शिकवण तिथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी मिळायची.

"अरे मूर्खा," सदानंद हसायला लागला, "ते विहिरीवरचं गळकं इंजिन होतं! ही जर्मन पेटी आहे. हिच्यात मोजून घालायचं आणि वर जागा मोकळी सोडायची. तू गळ्यापर्यंत पाजतोस, गाडी तापली की तेल फुगतं, जाईल कुठे? वरून ओकणार नाही तर काय करेल?"

हिलरीनं कपाळाला हात लावला. "म्हणजे मीच?"

"तूच!" सदानंद हसत होता. हसता हसता त्याचं हसू आटलं. कारण शनिवारी पेटीत तेल कुणी भरलं होतं? तोंडापर्यंत कुणी भरलं होतं? वर दोन घोट कुणी पाजले होते?

त्याला इंजिन शिकवलं कुणी होतं? मायकलकाकांनीच. त्याच विहिरीवर.

गॅरेजात आल्यावर त्यानं आधी फळीवरचं जुनं सील उचललं आणि उजेडात धरून फिरवून फिरवून बघितलं. आतली कड शाबूत, कुठे चीर नाही. धडधाकट सील काढून त्यानं धडधाकट सील बसवलं होतं. मग पेटीचा खालचा बोल्ट सोडला आणि तेल मापाच्या बाटलीत घेतलं. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं एकशेऐंशी मिलि. बाटली तीनशेच्या रेघेवर गेली तरी थेंब पडतच होते. सदानंद तिथंच बसून राहिला.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. नाक असतं तरी हेच झालं असतं. वास घेतला असता, गिअर ऑइल म्हणाला असता, सीलच बदललं असतं आणि वर तेल ओतलं असतं. चार वर्षं ज्याच्यासाठी तो झुरला, ज्याच्यापायी बायकोशी खोटं बोलला, ते नाक ह्या कामाला कवडीच्याही उपयोगाचं नव्हतं.

त्यानं मोजून एकशेऐंशी भरलं, पुन्हा पावडर लावली आणि हिलरीला वसई स्टेशनला दोन चकरा मारून यायला सांगितलं. गाडी परत आली तेव्हा पेटी पांढरी स्वच्छ होती. पॉलिनही येऊन पोचली होती. सुजय होता, आणखी दोघं-तिघं गिऱ्हाइकं होती.

"बसा," सदानंद पॉलिनला म्हणाला. "खुशाल बसा. मी स्वतः बसून आलोय."

"कळलं का, काय होतं ते?" तिनं विचारलं.

"कळणारच!" सुजय मध्येच म्हणाला. "काकांना काल बोट न लावताच वासावरून कळलं होतं, नुसतं खात्री करायला थांबले. बरोबर ना काका?"

आणि सदानंदचा बांध फुटला.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "कोविड झाल्यापासून येत नाही. चार वर्षं झाली. ह्या गॅरेजातल्या रॉकेलचा येत नाही, त्या पावडरचा येत नाही, कशाकशाचा येत नाही. त्या दिवशी मी अंदाजपंचे सांगितलं. सील चांगलं होतं, मी उगाच बदललं. आणि दुसऱ्या वेळी तेल जास्त कुणी भरलं? मी भरलं."

आधी पॉलिन हसली. मग सगळे हसले. हिलरी तर हसून हसून गाडीला टेकला.

"बघा, बघा!" सुजय म्हणाला. "चूक मित्राची, आणि घेतायत स्वतःवर. एवढं मोठं मन कुठे बघायला मिळतं?"

"अरे, मी खरं सांगतोय!"

"हो हो. आणि मी सांगतो मला बोट लागते," हिलरी डोळे पुसत म्हणाला. "तीस वर्षं लागत होती."

एक गिऱ्हाईक पुढे आलं आणि आपल्या स्कूटरकडे बोट दाखवून म्हणालं, "काका, वास येत नसला तरी चालेल, एकदा घेऊन बघा ना."

सदानंदनं त्याच्याकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा तो खरं बोलला होता, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं कुणालाच खरं वाटलं नव्हतं. शिव्या द्याव्यात असं त्याला वाटलं. तो खाली बसला, बोटावर तेल घेतलं, डोळे मिटले आणि नाकाशी नेलं. बिचारं गिऱ्हाईक श्वास रोखून उभं होतं ना.

आगाशीला घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. मीरा स्वयंपाकघरात होती.

"पॉलिनचा फोन आला होता," ती आतूनच म्हणाली.

"हो? काय म्हणत होती?"

"हसत होती. म्हणाली, तुझा नवरा भारी विनोदी. म्हणतो, मला वास येत नाही."

सदानंद चपला काढत होता. त्या काढायला त्याला फार वेळ लागला.

"मी नाही हसले," मीरा म्हणाली.

तो आत गेला आणि पाटावर बसला. मीरानं गॅस बारीक केला, पण वळून बघितलं नाही.

"कोविडपासून?"

"हं."

"म्हणजे मागल्या वर्षी सिलिंडरची नळी सुटली होती, घरभर गॅस झाला होता, आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात, ते?"

"मला कळलंच नव्हतं."

"आणि मी तुम्हाला काय काय बोलले! घराकडे लक्ष नाही, बायकोकडे लक्ष नाही, मेली तरी कळायचं नाही ह्या माणसाला." आता ती वळली. डोळे भरले होते आणि रागही होता, दोन्ही एकदम. "ऐकून घेतलंत. एक शब्द बोलला नाहीत. आणि आज त्या आचोळ्याच्या पोराला सांगितलंत. हिलरीला सांगितलंत. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकांना सांगितलंत. मला नाही."

"त्यांना कुठे खरं वाटलं?"

"मला वाटलं असतं ना!"

लोक हसतील म्हणून त्यानं लपवलं होतं. जी कधीच हसली नसती, तिच्यापासून सगळ्यात जपून लपवलं होतं. त्याला फार वाईट वाटलं, आणि ते तोंडावर दिसलं असावं, कारण मीरानं डोळे पुसले आणि ताट वाढायला घेतलं.

"चव तरी येते का?"

"खारट कळतं. आंबट, तिखट कळतं. बाकीचं आठवून खातो."

"आठवून?"

"तुझं सगळं पाठ आहे मला. सुरमईचं कालवण म्हटलं की आठवतो आणि जेवतो. आजपर्यंत कधी अडलं नाही."

मीरानं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "आजचं नाही आठवायचं तुम्हाला. पॉलिननं सांगितलं तसं केलंय, व्हिनेगर घालून. आपल्याकडे कधी केलं नाही मी."

सदानंदनं ताटाकडे बघितलं. लालभडक रस्सा, वाफ येत होती. वाफ नाकात गेली आणि बाहेर आली.

"मग सांग ना," तो म्हणाला. "कसा वास आलाय?"

मीरा त्याच्यासमोर बसली आणि ताटावर वाकली. पस्तीस वर्षं स्वयंपाक केला होता, पण वास तोंडानं सांगायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिनं डोळे मिटले.

"लसणीचा येतोय," ती म्हणाली. "आधी लसणीचा. मग आंबट काहीतरी, नाकात जरा झोंबतंय." ती थांबली, पुन्हा वास घेतला. "आणि थोडं करपलंय. तुमच्याशी भांडत बसले ना."

सदानंदनं घास घेतला, सावकाश चावला.

"आणि अजून?" त्यानं विचारलं.